दीड मिलिमीटरच्या जिवाचा हिशेब

पेणमधल्या एखाद्या गच्चीवर लिटरभराची बाटली उन्हात ठेवली आणि आतलं पाणी गर्द हिरवं झालं, तर त्या पाण्यात किती जीव आहेत याचा अंदाज बांधता येतो. हिरवा रंग क्लोरेला नावाच्या एकपेशीय शेवाळाचा. त्याची पेशी दोन ते दहा मायक्रॉन व्यासाची असते, म्हणजे मोठ्यात मोठी धरली तरी मिलिमीटरचा शंभरावा भाग. चांगल्या दाट पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये, साधारण वीस थेंबांत, अशा एक कोटी पेशी मावतात. लिटरमध्ये एक हजार मिलिलिटर, म्हणजे बाटलीत एक हजार कोटी पेशी. पृथ्वीवरची सगळी माणसं मिळून आठशे कोटींच्या थोडी वर आहेत.

या हजार कोटींना खाणारा जीव म्हणजे रोटिफर. तो मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून तिसऱ्या भागापर्यंत, डोक्यावर केसांची दोन चक्रं फिरवत पाणी गाळत राहणारा. आणि रोटिफरला खातं ते नुकतं पोहू लागलेलं माशाचं पिल्लू. घरच्या टाकीत फायटर, गुरामी किंवा एंजलचं ब्रीडिंग करणाऱ्या प्रत्येकाला हा पल्ला एकदा तरी पार करावा लागतो. अंडी पडतात, फुटतात, दोन-तीन दिवस पिल्लं पोटातल्या बलकावर जगतात आणि मग एका सकाळी सगळी आडवी पोहायला लागतात. त्या सकाळी त्यांच्या तोंडात मावेल असं काही पाण्यात नसेल तर दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी होते. दुकानातल्या खाद्याची पूड कितीही बारीक कुटली तरी ती हलत नाही, आणि न हलणारी वस्तू पिल्लाला अन्न वाटतच नाही. पूड तळाशी बसते, कुजते, अमोनिया वाढतो, आणि भुकेतून वाचलेली पिल्लं त्यात जातात. जिवंत खाद्य मात्र पिल्लाच्या डोळ्यांसमोर वळवळत राहतं आणि खाल्लं जाईपर्यंत जिवंत असतं.

गुरामीचं पिल्लू या बाबतीत सर्वांत नाजूक. आर्टेमिया या मिठागरातल्या जिवाचं नुकतं जन्मलेलं पिल्लू ०.४ मिलिमीटर लांब असतं. ड्वार्फ गुरामीच्या पिल्लाला पहिले काही दिवस तेही गिळता येत नाही. म्हणून हौशी माणसाच्या घरात खाद्याचा जिना बांधावा लागतो: आधी इन्फुसोरिया, मग रोटिफर किंवा मायक्रोवर्म, मग आर्टेमिया, मग मोइना. प्रत्येक पायरीवर आकडे बदलतात. तोंड जितकं लहान, तितका घास लहान. आणि घास जितका लहान, तितके घास जास्त. लाख आणि कोटी इथे रोजच्या वापरातले आकडे आहेत ते एवढ्यासाठीच.

खारेपाटातल्या माणसाला हे गणित जिताड्यावरून लगेच कळेल. पेण-अलिबागच्या खारेपाटात घराजवळच्या तळ्यात जिताडा पाळायची रीत जुनी आहे. पावसाळ्यात खाडीत मिळणारी पिल्लं आणून तळ्यात सोडायची आणि मासा मोठा झाला की जावयाच्या पानात वाढायचा. हा मासा आयुष्याची पहिली काही वर्षं नर असतो आणि नंतर मादी होतो. आठ-दहा किलोच्या मादीच्या पोटात तीस लाखांहून अधिक अंडी असतात. अंडं पाऊण मिलिमीटरचं, उबतं एका दिवसाच्या आत, आणि त्यातून निघणारा जीव दीड मिलिमीटरचा. खाडीतल्या जिताड्यांची संख्या पिढ्यान्‌पिढ्या तेवढीच राहायची असेल, तर तीस लाखांतून मोठे होऊन अंडी घालण्यापर्यंत पोचायला हवेत फक्त दोन. पंधरा लाखांत एक! उरलेले कोणाचं तरी अन्न होतात किंवा अन्नावाचून जातात.

हॅचरीत हे प्रमाण बदलायचं तर खाद्य ओतावं लागतं. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलकृषी संशोधन संस्थेने १९९७ साली भारतात पहिल्यांदा जिताड्याचं नियंत्रित प्रजनन यशस्वी केलं. जिताड्याच्या पिल्लांना तोंड उघडल्यापासून जवळपास दोन आठवडे रोटिफर लागतात आणि पाण्यात त्यांची दाटी मिलिलिटरमागे १० ते २० ठेवावी लागते. पिल्लाला शोधायला लांब जावं लागू नये, एवढाच त्याचा अर्थ. हजार लिटरच्या टाकीत मिलिलिटरमागे १५ धरले तर एका वेळी दीड कोटी रोटिफर तरंगत असले पाहिजेत. पिल्लं ते खात राहणार, म्हणजे खाल्ले तेवढे दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायचे. आणि ते सगळे रोटिफर आधी दुसऱ्या टाकीत हिरव्या पाण्यावर वाढवलेले असले पाहिजेत. चांगल्या टाकीत रोटिफरची दाटी मिलिलिटरमागे २०० ते ५०० जाते. म्हणजे ३०० ची दाटी असेल तर दीड कोटींसाठी पन्नास लिटर पाणी गाळायचं.

घरात एवढ्या टाक्या नसतात, आणि लागतही नाहीत. पहिल्या पायरीला भाताचा पेंढा पुरतो. पेंढ्याच्या दोन-चार काड्या पाण्यात उकळायच्या, गार करायच्या आणि त्यात तळ्याचं चमचाभर पाणी घालायचं. दोन दिवसांत पाणी गढूळ होतं आणि वास मारतं; ही जिवाणूंची गर्दी. चौथ्या-पाचव्या दिवशी तेच पाणी निवळायला लागतं, कारण जिवाणूंवर पॅरामेशियम तुटून पडलेला असतो. बरणी उजेडासमोर धरली की पांढरे कण सरकताना दिसतात. हाच इन्फुसोरिया. वास येतोय म्हणून पुष्कळ जण दुसऱ्या दिवशीच बरणी ओतून टाकतात, आणि तिथेच सगळं फसतं.

पॅरामेशियम अंडी घालत नाही, स्वतःच दुभंगतो. २७ अंशांच्या आसपास आणि भरपूर जिवाणू असतील तर दिवसातून दोनदा. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. पहिल्या पाच दिवसांत हा आकडा १,०२४ वर पोचतो. दहा दिवसांनी १०,४८,५७६. पंधराव्या दिवशी १,०७,३७,४१,८२४. एकेकाची लांबी मिलिमीटरचा पाचवा भाग धरली तर पंधराव्या दिवसाची रांग २१४ किलोमीटर भरते. प्रत्यक्षात काड्यांतलं अन्न आधीच संपतं आणि वाढ थांबते. पण फायटरची पिल्लं पोहायला लागण्याच्या पाच दिवस आधी बरणी लावली तर वेळेवर तयार होते, हे या दुपटीतूनच निघतं. बरणी एक दिवस उशिरा लावली तर चौथाच हिस्सा हाती येतो.

मायक्रोवर्म ही मला सर्वांत चकित करणारी पायरी वाटते. पॅनाग्रेलस नावाचा हा सूत्रकृमी जाडीला ५० मायक्रॉन आणि पूर्ण वाढल्यावर लांबीला दोन मिलिमीटरपर्यंत. आपल्या डोक्यावरचा केस याच्याहून जाड असतो. ओट्सची किंवा भिजवलेल्या पोह्यांची पेस्ट, चिमूटभर यीस्ट, आणि दुसऱ्या कोणाकडून आणलेलं चमचाभर विरजण. एवढ्यावर डबा सुरू होतो. पेणमध्ये पोहे काय कमी आहेत! चार-पाच दिवसांत डब्याच्या कडांवर ओलसर जाळी चढते; ती सगळी जिवंत असते. बारीक कुंचल्याने पुसून घ्यायची आणि पाण्यात बुडवायची. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतात तसला कुंचला असेल तर उत्तम.

यातली मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते. दिवस-दीड दिवसाला १० ते ४०, आणि वीस-पंचवीस दिवसांच्या आयुष्यात सुमारे ३००. जन्मलेलं पिल्लू तीन दिवसांत स्वतः विणायला तयार. आता साधा हिशेब मांडू. तीनशेंतल्या अर्ध्या माद्या धरल्या तर एकीच्या १५० लेकी. त्यांच्या लेकी २२,५००. पुढच्या पिढीत ३३,७५,०००. चौथ्या पिढीत ५०,६२,५०,०००. पन्नास कोटी लेकी, एका मादीपासून, चार पिढ्यांत. प्रत्येक दोन मिलिमीटरची धरून शेपटीला तोंड लावत ओळ केली तर ती १,०१२ किलोमीटर होईल: पेणहून मुंबई-गोवा महामार्गाने निघायचं, गोवा ओलांडायचं, कारवार, उडुपी मागे टाकायचं आणि मंगळुरूच्याही पुढे जायचं. आणि या हजार किलोमीटरच्या दोरीचा एकूण घनाकार? जाडी मिलिमीटरचा विसावा भाग असल्यामुळे तो दोन लिटरही भरत नाही. चहाच्या मोठ्या पातेल्यात ती मावेल.

कोकणात या डब्याचा शत्रू म्हणजे चैत्र-वैशाख. तीस अंशांच्या वर हे कृमी ढेपाळतात. रोह्यात एप्रिलमधली दुपार बघता डबा माठाच्या मागे, ओल्या फडक्याच्या गारव्यात ठेवणं शहाणपणाचं. आणि एक डबा कधीच ठेवू नये; तीन ठेवावेत, आठवड्याच्या अंतराने लावलेले. एक कुजतो, एक ऐन भरात असतो, एक नुकता लावलेला.

मोइनाचं उलट आहे. २४ ते ३१ अंश हे तिचं सुखाचं तापमान, म्हणजे आपलं बहुतेक वर्ष. पाणपिसवांच्या कुळातली ही, मोठी झाली तरी मिलिमीटरभर. जन्मल्यापासून चार-पाच दिवसांत ती विणायला लागते, दीड-दोन दिवसांनी एक वेत, वेताला ४ ते २२ पिल्लं. दिवस बरे असतात तोवर नराची गरजच नाही. आई लेकींनाच जन्म देते. पाण्यातला प्राणवायू उतरला की तिच्या अंगात हिमोग्लोबिन वाढतं आणि अख्खा टब लालसर दिसू लागतो. तो रंग दिसला की समजायचं, गर्दी फार झाली, आजच अर्धी गाळून काढा.

पाच दिवसांना दसपट एवढीच वाढ धरली तर एका मोइनाच्या तीस दिवसांत दहा लाख होतात. साठ दिवसांत एक लाख कोटी. एका लिटरमध्ये पाच हजार मोइना सुखाने राहतात. म्हणजे साठाव्या दिवशी वीस कोटी लिटर पाणी हवं: अर्धा मीटर पाणी भरलेली चाळीस हेक्टर खाचरं, शंभर एकर, एका मोइनाच्या वंशाला. तसं होत नाही, याचं कारण तिच्या शक्तीत नसून टबाच्या आकारात आहे. अन्न संपतं, मलमूत्राचा अमोनिया साठतो, आणि आदल्या संध्याकाळी खच्चून भरलेला टब सकाळी मेलेला सापडतो. रोज पाव हिस्सा काढून पिल्लांना घालणं हा टबावर उपकारच असतो.

खाचरांचं नाव मी उगाच घेतलं नाही. दिवस वाईट येणार अशी चाहूल लागली की हीच मोइना नर जन्माला घालते आणि मिलनानंतर जाड कवचाची अंडी टाकते. ती सुकलेल्या चिखलात महिनोन्‌महिने पडून राहतात. रोटिफरचंही तसंच: हॉलंडच्या लेव्हेनहूकने १७०२ साली छपराच्या पन्हळीतला सुका गाळ पाण्यात कालवला आणि त्यातले रोटिफर पुन्हा हलताना पाहिले. आपल्या खारेपाटात हे दरवर्षी मैलोन्‌मैल घडतं. भेगाळलेल्या जमिनीवर मृगाचा पाऊस पडतो, खाचरं भरतात, चिखलातली अंडी उबतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत वलगणीचे मासे प्रवाहावर चढून अंडी घालायला येतात. त्यांच्या पिल्लांचं तोंड उघडेल तेव्हा खाचरात ताट वाढलेलं असतं. उथळ, कोमट, शेणखताच्या पाण्याचं ते खाचर म्हणजे नुसतं भाताचं शेत नव्हे, तालुक्याएवढा मोइनाचा टबच आहे. त्यावर भराव पडतो तेव्हा हेही बुजतं, आणि ते कुठल्याच कागदावर मोजलं जात नाही याचं मला खरंच दुःख होतं.

छोट्या आकड्यांचा धाकही सांगायला हवा. रोह्याची कुंडलिका उन्हाळ्यातही वाहती असते, कारण भिऱ्याच्या १९२७ सालच्या वीजकेंद्रातून मुळशीचं पाणी तिच्यात उतरतं. पण नदीचं पाणी नळातून येईपर्यंत त्यात क्लोरीन मिसळलेलं असतं. पिण्याच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन शिल्लक असावं, असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे पन्नास लाख भागांत एक भाग. आपल्याला तो कळतही नाही; मोइनाचा टब त्याने मरतो. नळाचं पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग वापरायचं. टबाला मात्र बारीक जाळी हवीच, नाहीतर क्युलेक्स डासाची मादी एका रात्रीत शे-दोनशे अंड्यांचा तराफा सोडून जाते. ज्या तालुक्यांत आरोग्य केंद्रं डासांच्या अळ्यांसाठी गप्पी मासे पैदास करून वाटतात, तिथे आपल्या गच्चीवर डास वाढवणं शोभत नाही.

आता आर्टेमिया. हा खरा मिठागरांचा जीव. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मिठागरात पाणी एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत आटत जातं, क्षार शंभर ग्रॅमच्या वर चढतात, तिथे मासा जगत नाही. आर्टेमिया जगतो, आणि खाणारं कोणी नसल्यामुळे बेसुमार वाढतो. नवजात पिल्लू आठ-दहा दिवसांत सेंटिमीटरभराचं होतं, आणि मादी दर चार दिवसांनी ३०० पर्यंत पिल्लं किंवा अंडी देऊ शकते. क्षार वाढले, प्राणवायू घटला की पिल्लांऐवजी टणक कवचाची अंडी येतात. ती सुकवून डब्यात भरली की वर्षानुवर्षं टिकतात. १९७२ साली अपोलो १६ आणि १७ मधून ही अंडी चंद्रापर्यंत जाऊन आली. वैश्विक किरणांतल्या जड कणांचा थेट मारा बसलेल्यांची वाढ खुंटली, बाकीची पुष्कळशी पाण्यात टाकल्यावर उबली.

माशांच्या पिल्लांना आर्टेमिया चालतो, हे जगाला कळलं ते १९३० च्या दशकात, सील आणि रोलेफ्सन यांच्या कामातून. आपल्याकडे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी वडाळ्याच्या मिठागरात आर्टेमिया सापडल्याची नोंद १९५३ साली मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात केली. पुढे ते महाराष्ट्राचे मत्स्यव्यवसाय संचालक झाले. लहान आकाराकडे बघायची त्यांची नजर त्याआधीपासूनची: १९४० साली त्यांनी पश्चिम किनाऱ्याच्या खाड्यांतला, जेमतेम दोन सेंटिमीटरचा, पारदर्शक मासा शास्त्राला नव्याने दाखवून दिला होता. होराइक्थिस सेतनाय असं त्याचं नाव ठेवलं. तारापोरवाला मत्स्यालय मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये उघडलं, त्याच्या दोन वर्षांनंतरची वडाळ्याची नोंद. काचेपलीकडचे मासे बघायला मुंबई रांगा लावत होती, आणि त्यांच्या पिल्लांचं अन्न काही मैलांवरच्या मिठागरात पोहत होतं.

मग पेण-उरणच्या मिठागरांतून अंड्यांचे डबे का भरले नाहीत? एक मोठं कारण आभाळात आहे. रायगडात पावसाळ्यात तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका हेक्टर मिठागरावर त्याचं गोडं पाणी होतं तीन कोटी लिटर. बाकीच्या महिन्यांत चढवलेला खारेपणा या चार महिन्यांत धुऊन निघतो. म्हणून जगाचा मोठा पुरवठा अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून होत आला. थंडीच्या तोंडावर अंड्यांचे तपकिरी पट्टे त्या सरोवरावर तरंगतात आणि ते बोटींनी गोळा करतात. जगभरात वर्षाला दोन हजार टनांहून अधिक सुकी अंडी विकली जातात. चांगल्या मालाच्या एका ग्रॅममधून अडीच लाख पिल्लं निघतात, म्हणजे वर्षाला पाचशे लाख कोटी. प्रत्येक पिल्लू ०.४ मिलिमीटर, ओळ केली तर वीस कोटी किलोमीटर. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. ही रांग सूर्याला ओलांडून पलीकडे जाते, आणि ती बहुतांशी कोळंबीच्या आणि माशांच्या पिल्लांच्या पोटात संपते, दरवर्षी.

घरच्या टेबलावर हिशेब पुन्हा हातात मावतो. समजा फायटरच्या एका विणीतून २०० पिल्लं वाचली आणि एकेक पिल्लू दिवसाला शंभर आर्टेमिया खातं. रोज २०,००० हवेत, महिन्याला सहा लाख, म्हणजे सगळी मिळून अडीच ग्रॅम अंडी. पण ती एकदम उबवून चालत नाही. लिटरभर पाण्यात २५ ते ३५ ग्रॅम खडेमीठ, २८ अंश, खालून हवेचा पंप, वर दिवा; अठरा ते चोवीस तासांत नारिंगी ढग तयार. पहिल्या आठ तासांत पिल्लू काहीच खात नाही, बलकावर जगतं, आणि तेव्हाच ते सर्वांत पौष्टिक असतं. चोवीस तास उपाशी ठेवलं तर त्याची जवळजवळ पाव ऊर्जा स्वतःच्या जगण्यात जळते. म्हणून दोन बाटल्या आळीपाळीने लावायच्या, रोज एक, संध्याकाळी लावलेली दुसऱ्या संध्याकाळी गाळायची, गोड्या पाण्यात धुऊन घालायची. पिल्लांची पोटं नारिंगी दिसली की जेवण झालं.

महिन्याभरात ही पिल्लं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची होतात आणि मोठी मोइना अख्खी गिळू लागतात. रोजचे वीस हजार घास तेव्हा काही शेकड्यांवर येतात. पलीकडच्या टाकीत नर पुन्हा फुगे बांधायला लागलेला असतो; अंडी दोन दिवसांत पडतील, त्यानंतर चार-पाच दिवसांनी पिल्लं आडवी पोहतील. पेंढा आजच उकळायला ठेवलेला बरा.